पार्किन्सन्स आणि झोप : स्वप्नातील हालचाली अंथरुणात उतरतात तेव्हा

पार्किन्सन्स या आजाराचे नाव घेताच हाताचा कंप, संथ चाल आणि किंचित वाकलेली पाठ डोळ्यांसमोर येते. ही सर्व लक्षणे दिवसा दिसतात. रात्रीच्या लक्षणांविषयी मात्र अनेक कुटुंबांना पुरेशी माहिती नसते. झोपेत मोठ्याने ओरडणे, हातवारे करणे, शेजारी झोपलेल्या व्यक्तीला ठोसा किंवा लाथ मारणे, पलंगावरून खाली पडणे, असे प्रकार पार्किन्सन्सच्या साधारण एक तृतीयांश ते निम्म्या रुग्णांमध्ये आढळतात. रुग्ण स्वप्नात जे करीत असतो तेच त्याचे शरीर अंथरुणात करू लागते. वैद्यकशास्त्रात या अवस्थेला ‘आरईएम निद्रा वर्तनविकार’ असे म्हणतात.

कर्नाटकातील म्हैसूर शहराच्या दृष्टीने हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. २०१४ पासून म्हैसुरू हे अधिकृत नाव धारण केलेले हे शहर निवृत्तांचे शहर म्हणून ओळखले जाते. वयाबरोबर पार्किन्सन्सचे प्रमाण वाढत जाते आणि ज्या घरांतील मुले नोकरीसाठी बंगळुरू, पुणे किंवा परदेशी गेलेली आहेत, त्या घरांत वृद्ध पती-पत्नी दोघेच राहतात. अशा घरात रात्रीच्या या प्रकाराला साक्षीदार एकच असतो आणि इजा होण्याचा धोकाही त्यालाच असतो. रुग्णाला स्वतःला सकाळी बहुधा काहीच आठवत नाही. त्यामुळे जोडीदाराने सांगितल्याखेरीज हे लक्षण डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही.

झोपेत नेमके काय घडते

माणसाची झोप रात्रभर एकसारखी नसते. साधारण दीड-दीड तासाच्या आवर्तनांत तिचे टप्पे बदलत राहतात. त्यांपैकी एका टप्प्यात मिटलेल्या पापण्यांखाली डोळ्यांची बुबुळे वेगाने फिरतात. शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथानिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये या टप्प्याचे वर्णन केले. हीच आरईएम निद्रा होय. ठळक आणि कथानक असलेली स्वप्ने प्रामुख्याने याच टप्प्यात पडतात. पहाटेच्या सुमारास हा टप्पा अधिक लांबतो. स्वप्नातील हालचालींचे प्रकार मध्यरात्रीनंतर आणि पहाटे जास्त दिसतात, त्याचे कारण हेच आहे.

या टप्प्यात निरोगी माणसाचे शरीर जवळजवळ निश्चल असते. डोळे आणि श्वसनाचे स्नायू वगळता इतर स्नायूंना मिळणारी आज्ञा मेंदूच्या बुडाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभातून रोखली जाते. स्वप्नात माणूस धावतो, परंतु त्याचे पाय हलत नाहीत. फ्रान्समधील लिऑं येथील शास्त्रज्ञ मिशेल जूवे यांनी १९६५ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून या यंत्रणेवर प्रकाश टाकला. मस्तिष्कस्तंभाच्या विशिष्ट भागाला इजा झालेली मांजरे गाढ झोपेतच उठून, जणू समोर भक्ष्य आहे अशा रीतीने झेप घेत होती.

माणसांमधील या विकाराला स्वतंत्र ओळख मिळाली ती १९८६ मध्ये. अमेरिकेतील मिनेसोटा येथील कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी झोपेत स्वप्नाप्रमाणे वागणाऱ्या वयस्क रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पार्किन्सन्समध्ये अल्फा-सिन्यूक्लिन नावाचे प्रथिन चेतापेशींत साचत जाते. अनेक रुग्णांमध्ये हे साचणे हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागापूर्वी मस्तिष्कस्तंभात सुरू होत असावे, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. तेथील रोधक यंत्रणा दुबळी झाली की स्वप्नातील आज्ञा थेट हातापायांपर्यंत पोहोचतात.

कंपाच्या आधी मिळणारी सूचना

शेंक आणि महोवाल्ड यांनी अशा रुग्णांचा पुढे अनेक वर्षे पाठपुरावा केला. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात, केवळ झोपेचा हा विकार असलेल्या २९ वयस्क पुरुषांपैकी ११ जणांना पुढे पार्किन्सन्ससदृश आजार झाल्याचे आढळले. २०१३ च्या अहवालात, माहिती उपलब्ध असलेल्या २६ जणांपैकी २१ जणांना पार्किन्सन्स किंवा त्याच्या जवळचे आजार झाल्याचे नोंदविण्यात आले. २०१९ मध्ये विविध देशांतील २४ केंद्रांनी मिळून १,२८० व्यक्तींचा अभ्यास केला. त्यात दरवर्षी साधारण ६ टक्के व्यक्तींमध्ये हा विकार पार्किन्सन्स किंवा संबंधित स्मृतिभ्रंशात परिवर्तित होत असल्याचे दिसून आले.

हे आकडे निद्राचिकित्सा केंद्रांत तपासणी होऊन निदान झालेल्या व्यक्तींचे आहेत. झोपेत कधीतरी बडबडणाऱ्या प्रत्येकाला ते लागू होत नाहीत. ज्यांना पार्किन्सन्स आधीच झालेला आहे, त्यांच्यासाठी या संशोधनाचा अर्थ वेगळा आहे. रात्रीचे हे वर्तन त्यांच्या आजाराचाच भाग आहे आणि ते कंपाच्या कितीतरी वर्षे आधी सुरू झालेले असू शकते. वास कमी येणे आणि दीर्घकालीन बद्धकोष्ठता ही लक्षणेही अशीच आधीपासून असू शकतात.

स्वभावाचा दोष नव्हे

या विकारातील स्वप्ने बहुधा पाठलागाची, हल्ल्याची किंवा कुणाला तरी वाचविण्याची असतात. चोराला पकडत असल्याचे स्वप्न पाहणारा रुग्ण प्रत्यक्षात पत्नीचा दंड घट्ट धरतो. कुत्र्याला हाकलण्यासाठी उगारलेला पाय भिंतीवर आदळतो. एरवी शांत असलेल्या माणसाच्या तोंडी शिव्या ऐकू आल्या की घरचे अस्वस्थ होतात. मनात दडलेला राग बाहेर पडतो आहे, अशी शंका जोडीदाराला येते. काही घरांत बाहेरच्या बाधेची चर्चा सुरू होते आणि उपचार लांबतात.

या शंकेला संशोधनाचा आधार नाही. इटलीतील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, या विकाराच्या रुग्णांची स्वप्ने इतरांपेक्षा अधिक आक्रमक असली तरी त्यांचा दिवसाचा स्वभाव अधिक आक्रमक नसल्याचे स्पष्ट झाले. झोपेत लागलेल्या फटक्याचा संबंध दाम्पत्याच्या नात्याशी किंवा रुग्णाच्या हेतूशी जोडणे योग्य ठरत नाही.

आणखी एक गैरसमज कुटुंबात कटुता निर्माण करतो. दिवसा ज्याचा आवाज कुजबुजल्यासारखा येतो, तोच रुग्ण रात्री खणखणीत आवाजात बोलतो. दिवसा शर्टाची गुंडी लावण्यास ज्याला वेळ लागतो, त्याचा हात झोपेत चपळाईने फिरतो. साहजिकच रुग्ण दिवसा मुद्दाम संथ राहतो, असे घरच्यांना वाटू लागते. पॅरिसमधील संशोधकांनी १०० रुग्णांचा अभ्यास करून २००७ मध्ये या प्रकाराची पद्धतशीर नोंद केली. झोपेत असे वर्तन असलेल्या ज्या ५३ रुग्णांच्या जोडीदारांकडून माहिती घेण्यात आली, त्या सर्वांनी झोपेतील हालचाल किंवा बोलणे दिवसापेक्षा कोणत्या ना कोणत्या बाबतीत सुधारलेले असल्याचे सांगितले. स्वप्ननिद्रेत हालचालींची आज्ञा आजारग्रस्त मार्गाला वळसा घालून जात असावी, असा संशोधकांचा तर्क आहे. जागे झाल्यावर तो मार्ग रुग्णाला उपलब्ध नसतो. दिवसाचा संथपणा हे सोंग नाही.

दिवसाच्या क्षीण आवाजावर वाचोपचारांचा उपयोग होतो. या क्षेत्रातील राष्ट्रीय संस्था म्हैसुरातच आहे. १९६५ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था मानसगंगोत्री परिसरात असून तेथे वाणीच्या तसेच गिळण्याच्या अडचणींवर तपासणी व उपचार केले जातात. पार्किन्सन्समध्ये या दोन्ही अडचणी उद्भवतात.

निदान कसे होते

निदानाची सुरुवात एका साध्या प्रश्नाने होते. झोपेत ठोसे मारणे, हात झाडणे, धावल्यासारखे पाय हलविणे अशा रीतीने स्वप्न प्रत्यक्षात उतरल्याचे कुणी सांगितले आहे काय किंवा तशी शंका आली आहे काय, अशा आशयाचा हा प्रश्न आहे. केवळ या एका प्रश्नावर आधारित चाचणीची उपयुक्तता २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय अभ्यासात तपासण्यात आली. रुग्ण एकटाच दवाखान्यात गेला तर या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी येण्याची शक्यता असते. म्हणून जोडीदाराने किंवा त्याच खोलीत झोपणाऱ्या व्यक्तीने सोबत जाणे आवश्यक आहे.

मराठी घरांत या लक्षणासाठी ‘झोपेत चावळणे’, ‘ओसणणे’, ‘बरळणे’ असे शब्द आहेत. परप्रांतात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला डॉक्टरांशी कन्नड किंवा इंग्रजीतून बोलताना नेमका शब्द सापडेलच असे नाही. अशा वेळी काय घडले, किती वाजता घडले, कुणाला कोठे लागले याची वहीत नोंद ठेवावी. रुग्णाची संमती घेऊन मोबाइलवर केलेले अर्ध्या-एक मिनिटाचे चित्रण डॉक्टरांना लांबलचक वर्णनापेक्षा अधिक सांगून जाते.

निश्चित निदानासाठी पॉलिसोम्नोग्राफी ही चाचणी केली जाते. रुग्णाला एक रात्र निद्रा प्रयोगशाळेत झोपवून मेंदूतील विद्युत लहरी, डोळ्यांची हालचाल, स्नायूंचा ताण, श्वास आणि चित्रफीत यांची एकाच वेळी नोंद घेतली जाते. म्हैसुरात वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न कृष्णराजेंद्र रुग्णालय आणि जेएसएस रुग्णालय ही मोठी रुग्णालये आहेत. गुंतागुंतीच्या तपासणीसाठी सुमारे १४५ किलोमीटरवरील बंगळुरू येथील निम्हान्स ही राष्ट्रीय संस्था उपलब्ध असून तेथे मेंदूविकारांबरोबर झोपेच्या विकारांवरही काम चालते.

या तपासणीमागे आणखी एक हेतू असतो. घोरताना श्वास अडण्याचा विकार, अर्थात स्लीप ॲप्निया, असलेली व्यक्ती श्वासासाठी धडपडताना हातपाय झाडते आणि तो प्रकार स्वप्नातील हालचालींसारखाच दिसतो. रात्री येणारी अपस्माराची फीटही तशीच भासू शकते. या तिन्हींचे उपचार पूर्णपणे वेगळे आहेत. साधारण फरक असा की, स्वप्नातील हालचाली करणाऱ्या रुग्णाला जागे केले तर तो लवकर भानावर येतो आणि अनेकदा स्वप्न सांगू शकतो. अपस्माराच्या फीटनंतर मात्र रुग्ण काही वेळ गोंधळलेला राहतो.

नैराश्यावरील काही औषधांमुळे हा विकार सुरू होऊ शकतो किंवा वाढू शकतो. पार्किन्सन्सच्या अनेक रुग्णांना अशी औषधे दिलेली असतात. त्यामुळे सर्व डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांची एकत्रित यादी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावी. कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये.

झोप मोडण्याची इतर कारणे

पार्किन्सन्समध्ये झोप बिघडण्याचे स्वप्नातील हालचाली हे एकमेव कारण नाही. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजारावरील आपल्या निबंधातच झोप मोडत असल्याची नोंद केली होती. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील तज्ज्ञांनी २००२ मध्ये १४९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ४२ टक्के रुग्णांना झोपेच्या तक्रारी असल्याचे आढळले. त्याच वयाच्या निरोगी व्यक्तींमध्ये हे प्रमाण सुमारे १२ टक्के होते.

रात्री औषधाचा परिणाम ओसरल्यावर शरीर ताठरते आणि कूस बदलणे कठीण जाते. लघवीसाठी वारंवार उठावे लागते. पायांत अस्वस्थ वळवळ जाणवते. लोहाची कमतरता हे तिचे एक कारण असू शकते आणि रक्ततपासणीने ते कळते. सेलेजिलिन आणि अमँटाडिन ही औषधे सायंकाळी उशिरा घेतल्यास झोप लागत नाही. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल यांसारख्या औषधांमुळे दिवसा अचानक झोप लागण्याचा धोका असतो. हा त्रास होणाऱ्यांनी वाहन चालवू नये आणि डॉक्टरांना तत्काळ कळवावे.

अंथरूण सुरक्षित करणे

तज्ज्ञांच्या मते उपचारातील पहिली पायरी औषधाची नसून शयनगृहाची आहे. या उपायांना फारसा खर्च येत नाही.

– पलंग कमी उंचीचा असावा. त्याच्या बाजूला जमिनीवर गादी किंवा जाड सतरंजी अंथरावी.
– जमिनीवरच झोपण्याची सवय असल्यास पडण्याचा धोका उरत नाही. परंतु पार्किन्सन्समध्ये जमिनीवरून उठणे अवघड जाते आणि रात्री लघवीसाठी उठताना तोल जाऊ शकतो, हे लक्षात घेऊनच निर्णय घ्यावा.
– पलंग खिडकीपासून दूर ठेवावा. धारदार कडांचे टेबल, लोखंडी कपाट आणि भिंतीचा कोपरा यांपासूनही अंतर ठेवावे.
– उशाशी काचेचा पेला, पाण्याचा तांब्या, समई, डास पळविणारी जळती कॉइल, अडकित्ता किंवा सुरी ठेवू नये.
– जोडीदाराने रात्री काचेच्या बांगड्या काढून ठेवाव्यात. फटक्याने त्या फुटून दोघांनाही इजा होऊ शकते.
– स्वच्छतागृहापर्यंतच्या वाटेवर मंद दिवा असावा.
– हालचाली तीव्र असतील तर दोघांनी वेगळ्या पलंगांवर झोपावे किंवा मध्ये लोड ठेवावा.

वेगळे झोपणे म्हणजे दुरावा, असा समज अनेक घरांत असतो. म्हैसूरच्या दसऱ्यासारख्या सणाला पाहुणे आले की त्यावरून प्रश्नही विचारले जातात. आजाराचे कारण नातेवाइकांना स्पष्ट शब्दांत सांगितल्यास गैरसमज टळतो आणि त्या खोलीत झोपणाऱ्या पाहुण्यालाही सावध राहता येते.

रुग्ण स्वप्नात असताना त्याला धरून ठेवण्याचा किंवा हलवून उठविण्याचा प्रयत्न करू नये. तो स्पर्श स्वप्नातील हल्ला समजून अधिक जोराने प्रतिकार होऊ शकतो. हाताच्या अंतराबाहेर राहून नावाने हाक मारावी आणि दिवा लावावा. सायंकाळनंतर फिल्टर कॉफी व चहा टाळणे, मद्य न घेणे, झोपेची वेळ ठराविक ठेवणे आणि दिवसा उजेडात चालणे हे नियम रात्रीच्या झोपेस साहाय्यक ठरतात.

औषधांची भूमिका आणि मर्यादा

सुरक्षिततेचे उपाय पुरेसे ठरत नसतील तर मेलाटोनिन किंवा क्लोनाझेपाम यांचा विचार केला जातो. अमेरिकन निद्रावैद्यक अकादमीने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांत दोन्हींचा समावेश आहे, मात्र तो सशर्त शिफारस म्हणून. पार्किन्सन्सच्या रुग्णांवरील काही नियंत्रित चाचण्यांत अपेक्षित लाभ दिसला नाही, तर प्रत्यक्ष उपचारात अनेक रुग्णांना आराम पडल्याचा अनुभव आहे. म्हणजेच औषध लागू पडेल की नाही, हे रुग्णागणिक ठरते.

क्लोनाझेपाममुळे वृद्धांमध्ये तोल जाणे, सकाळी गुंगी राहणे, विसरभोळेपणा वाढणे आणि स्लीप ॲप्निया बळावणे हे धोके संभवतात. भारतात हे औषध केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आणून घेणे धोक्याचे आहे.

आयुर्वेदात या आजाराचे वर्णन कंपवात या नावाने येते. म्हैसुरात १९०८ मध्ये स्थापन झालेले शासकीय आयुर्वेद महाविद्यालय असून या पद्धतीवर विश्वास ठेवणारी अनेक कुटुंबे शहरात आहेत. कुहिलीच्या, म्हणजे खाजकुहिलीच्या, बियांत लेव्होडोपा हेच द्रव्य नैसर्गिकरीत्या असते, जे पार्किन्सन्सच्या गोळ्यांतही असते. त्यामुळे गोळ्या सुरू असताना कुहिलीचे चूर्ण परस्पर घेतल्यास एकूण मात्रा वाढते आणि भास, अस्वस्थता किंवा अनावर हालचाली उद्भवू शकतात. वैद्य आणि मेंदूविकारतज्ज्ञ या दोघांनाही दोन्ही उपचारांची कल्पना द्यावी. लेव्होडोपा अचानक बंद करणेही तितकेच घातक आहे. त्यातून तीव्र ताप आणि ताठरता येऊन प्राणावर बेतू शकते.

जोडीदाराची झोप

रुग्णाला सकाळी काही आठवत नाही, परंतु शेजारी जागलेल्या व्यक्तीला सर्व आठवते. रात्री सावध राहायचे आणि दिवसा औषधे, जेवण, स्नान यांची व्यवस्था पाहायची, अशा दुहेरी ताणाने सांभाळ करणाऱ्याचा रक्तदाब, स्मरणशक्ती आणि मनःस्थिती यांवर परिणाम होतो. आठवड्यातील किमान दोन रात्री तरी त्या व्यक्तीला दुसऱ्या खोलीत निर्धास्त झोप मिळावी, अशी व्यवस्था मुलांनी किंवा नातेवाइकांनी करावी. हे शक्य नसल्यास रुग्णाच्या खोलीचे दार उघडे ठेवून हाकेच्या अंतरावर झोपता येते.

मुंबईत २००१ मध्ये स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी रुग्ण व कुटुंबीयांसाठी देशातील अनेक शहरांत साहाय्यगट चालविते. मराठी भाषकांसाठी पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ कार्यरत आहे. सांभाळ करणाऱ्याला मानसिक ताण असह्य होत असल्यास केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते. ही सेवा अनेक भारतीय भाषांतून दिली जाते.

डॉक्टरांना केव्हा आणि काय सांगावे

पुढील भेटीच्या वेळी या बाबी आवर्जून सांगाव्यात : झोपेतील ओरडणे किंवा हालचाली केव्हापासून सुरू झाल्या, आठवड्यात किती वेळा होतात, कुणाला इजा झाली काय, घोरताना श्वास थांबतो काय, अलीकडे कोणते नवे औषध सुरू झाले आणि जोडीदार किती तास झोपतो.

पुढील भेटीची वाट न पाहता संपर्क साधावा अशी परिस्थितीही असते. पलंगावरून पडून डोक्याला मार लागल्यास, विशेषतः रुग्ण रक्त पातळ करणारे औषध घेत असल्यास, वरून जखम दिसत नसली तरी रुग्णालयात न्यावे. जागेपणीही नसलेली माणसे दिसू लागणे, अचानक गोंधळ उडणे, झोपेत अंग ताठ होऊन झटके येणे किंवा जीभ चावली जाणे ही लक्षणे स्वप्नातील हालचालींची नाहीत. त्यांची स्वतंत्र आणि तातडीने तपासणी होणे गरजेचे आहे.